डॉक्टर मखमल यांचा शोधनिबंध

व्यायामशाळेचा हॉल इतका खच्चून भरला होता की मुंगीला आत यायचं असतं, तर तिलाही आधी चार जणांना जरा सरका म्हणावं लागलं असतं. डंबेल्स कोपऱ्यात ढकललेली, चटया गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या. एरवी जिथे पोरं आरशासमोर दंड फुगवून उभी असायची, तिथे आज आजूबाजूच्या गल्ल्यांमधले झाडून सगळे आजी-आजोबा, काका-काकू खुर्च्या अडवून बसले होते. पुढे एक बुटकं व्यासपीठ होतं. त्यावर मोठ्या पातेल्याच्या झाकणाएवढी चकचकीत थाळी टांगलेली, आणि थाळीशेजारी सर.

सर म्हणजे थाळीवाले सर. पांढरा कोट, खिशात पेनांची रांग, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. हात वर करून ते गरजले, "मी बाबा नाही! मी बुवा नाही! मी राख देत नाही, दोरे बांधत नाही! मग मी काय देतो?"

"संदर्भ!" हॉल एका सुरात ओरडला.

"थाळीच्या नादाने डोळ्यांच्या झोपलेल्या नसा जाग्या होतात!"

"संदर्भ?"

"भिंतीवर!"

"थेंब नको, गोळ्या नको, ऑपरेशन तर नकोच नको!"

"संदर्भ?"

"भिंतीवर!"

आणि भिंत खरोखरच बघण्यासारखी होती बरं का. काचेच्या चौकटीत बसवलेले शोधनिबंध, रांगेवर रांग, थेट छतापर्यंत. बारीक अक्षरं, आलेख, तक्ते, खाली तळटीपा, कुठे लाल शिक्के. सगळ्यांत खालची रांगसुद्धा अशा उंचीवर की वाचायचं तर शिडीच हवी. पण वाचायचं होतं कुणाला? बघूनच ऊर भरून येत होता.

मग चमत्कार झाला. निवृत्त पोस्टमनकाकांना खुर्चीत बसवलं. "मन शांत होऊ द्या," असं म्हणत सरांनी दिवे मंद केले. समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर काका कसेबसे तिसऱ्या ओळीपर्यंत पोचले आणि अडले. सरांनी थाळी वाजवली. तिचा आवाज दातांतून डोक्यात गेला. "आता उठा! जागे व्हा!" असं म्हणून सरांनी दिव्यांचं बटण दाबलं, हॉल लख्ख उजळला, आणि पोस्टमनकाकांनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत खडाखडा वाचून दाखवला. लोकांनी तोंडात बोटं घातली. पहिल्या रांगेतल्या शिवणवाल्या काकूंनी तर डोळे पुसले.

दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने मात्र आधी दिव्यांकडे पाहिलं आणि मग कपाळाला हात लावला.

या मुलीला सगळे लहानपणापासून चौकशी म्हणत. दुकानदाराने चॉकलेट दिलं तरी आधी विचारायची, का दिलं? पुढे तिला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली ती शोभेलशीच लागली. नव्या मुलांना विश्वासार्ह लेख कसा ओळखायचा हे शिकवायचं, हे तिचं काम. उरलेल्या वेळात तिचा स्वतःचा पीएचडीचा प्रबंध, जो गेली काही वर्षं "झालाच आता" या अवस्थेत होता.

घरी जाताना ती म्हणाली, "आई, अगं दिवे! अंधारात तक्ता कुणालाही दिसणार नाही, उजेडात दिसेल. थाळी नसती वाजवली तरी दिसला असता."

"दिव्याचं जाऊ दे," आई म्हणाली. "भिंतीचं काय?"

आणि चालता चालता तिचा डावा खांदा फाटकाच्या खांबावर आपटला. खांब तिथे तिच्या लग्नाआधीपासून होता.

आईला काचबिंदू होता. हा दुखत नाही, खुपत नाही, नुसता कडेकडेने नजर खात येतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "गेलेली नजर परत येणार नाही. थेंब घातले तर उरलेली राहील. एकही दिवस चुकवायचा नाही." आईने कधी चुकवला नव्हता. शिवणकामावर तिने घर चालवलं, मुलीला शिकवलं; डोळ्यांची किंमत तिला कुणी समजावून द्यायला नको होती. पण थाळी सुरू झाल्यापासून थेंबांची बाटली रिळांच्या डब्यामागे गेली होती. ती चौकशीला सापडली तेव्हा बुचावर धूळ होती.

"आई! कधीपासून?"

"सरांनी सांगितलं, थेंबांनी नसा सुस्तावतात."

"सरांनी सांगितलं! आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते?"

"डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर काय आहे? एक कॅलेंडर!" आईने मशीनवरचा कपडा झटकला. "आणि तू गं? तुझा तो प्रबंध तू पहिल्यांदा छापून आणलास, तेव्हा मागची ती लांबलचक यादी दाखवून मला काय म्हणाली होतीस? आई, ही सगळी माणसं माझ्या पाठीशी आहेत, म्हणून माझं खरं. म्हणाली होतीस की नाही?"

चौकशी म्हणाली होती खरी. आनंदाच्या भरात म्हणाली होती, आणि आईने ती यादी हाताने कुरवाळली होती.

"मग सरांच्या पाठीशी तर भिंतभर माणसं आहेत! तुझे संदर्भ खरे आणि त्यांचे खोटे, असं कसं? कागद तोच, अक्षरं तशीच. मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

तेवढ्यात एक बाई तयार कोट घट्ट करून घ्यायला आली म्हणून भांडण तिथेच थांबलं. आईने सवयीप्रमाणे कोट आधी उलटा केला, अस्तर बाहेर काढलं, शिवणीवर नख फिरवलं. "वरून काय, सगळेच छान दिसतात," ती पुटपुटली. "आतून बघावं. हे बघा, नुसते टाके मारून ठेवलेत. घट्ट केला तर उसवेल." बोलताना तिच्या डाव्या हाताचा धक्का लागून चहाचा कप खाली गेला. तिला तो दिसलाच नव्हता. मशीनखाली झोपलेली मखमल नावाची मांजरी दचकून उठली. तुकडे उचलताना चौकशीच्या मनात एकच होतं: अशीच कड आत आत येत गेली, तर एक दिवस सुईही दिसायची नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामाला लागली. भिंतीचे फोटो तिने मोबाईलवर काढलेच होते. ग्रंथालयात बसून एकेक निबंध शोधू लागली, तसतसं तिला हसावं की रडावं ते कळेना. अख्ख्या भिंतीवरचे निबंध एकाच नियतकालिकातले. नाव मात्र असं भारदस्त, की ऐकूनच माणसाने उठून उभं राहावं: 'जागतिक सर्वोच्च आरोग्य संशोधन पत्रिका'. पहिला निबंध म्हणे, हे दुसऱ्या निबंधात सिद्ध झालंय. दुसरा म्हणे, तिसऱ्यात बघा. तिसऱ्याने परत पहिल्याकडे बोट दाखवलेलं. कुणी कुणाचा डोळा तपासलेला नाही, नुसती एकमेकांची पाठ थोपटणं. संपादक मंडळात एकच मिशीवाले गृहस्थ तीन वेगवेगळ्या नावांनी हसत होते. आणि पत्रिकेचा पत्ता? सभेनंतर सर ज्या थाळ्या विकत, त्यांच्या खोक्यावर कारखान्याचा जो पत्ता छापलेला होता, तोच, दार क्रमांकासकट.

त्यांच्या तळटीपांमधला एक संदर्भ मात्र अस्सल निघाला. नावाजलेल्या नियतकालिकातला, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला. चौकशीने तो शोधून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला. त्यात लिहिलं होतं की दवाखान्यात ताटकळणाऱ्या रुग्णांना मंद संगीत ऐकवलं तर ते कमी कंटाळतात. डोळ्यांचा त्यात शब्दही नव्हता.

तिने हे सगळं छापून आईपुढे ठेवलं. आईने गठ्ठा बाजूला सारला. "तू हुशार आहेस, तू कशातूनही काहीही काढून दाखवशील. सरसुद्धा हुशार आहेत. मी अडाणी बाईने कुणाचं ऐकायचं?"

हे मात्र चौकशीला लागलं. कारण प्रश्न अगदी बरोबर होता. आईने तिचंही ऐकायचं ते का? मुलगी आहे म्हणून? तर मग सरांचं ऐकण्यात आणि तिचं ऐकण्यात फरक तो काय? आईला स्वतःलाच दिसायला हवं होतं.

ती ग्रंथपाल बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, मला एक खोटा निबंध लिहायचाय."

बाईंच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. "खोटा? आपण? सकाळी काही खाल्लं होतंस ना?"

"पत्रिकेची परीक्षा घ्यायचीय. ते म्हणतात, आमच्याकडे प्रत्येक निबंध तज्ज्ञ तपासतात. तपासतात का ते बघू."

बाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "एका अटीवर. हा निबंध खोटा आहे, हे निबंधातच स्पष्ट लिहायचं. जो उघडून वाचेल, तो फसता कामा नये. आणि छापून आला की आपणच सगळ्यांना सांगायचं."

"म्हणजे फसेल तो न वाचणारा."

"त्याला मी काय करू?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

निबंध लिहिताना चौकशीला इतकी मजा आली की स्वतःच्या प्रबंधात आजवर कधी आली नव्हती. शीर्षक असं ठेवलं: 'नादथाळीचा दृष्टीवरील परिणाम: एक सखोल अभ्यास'. लेखिका, डॉ. मखमल. संस्था, शिवणयंत्राखालील दृष्टी संशोधन केंद्र. पहिलं पान तिने अगदी गंभीर ठेवलं. दुसऱ्या पानावर लिहिलं की प्रयोगासाठी शर्टाची बटणं निवडली आहेत, कारण प्रत्येक बटणाला निदान दोन डोळे असतातच. तिसऱ्या पानावर निष्कर्ष. मखमल मांडीवर बसून मधूनमधून कळफलकावर पाय देत होती. त्यातली एक ओळ चौकशीने तशीच ठेवली आणि तिला समीकरण म्हटलं.

सकाळी पाठवलेला निबंध दुपारच्या चहाला स्वीकारला गेला. "आमच्या तज्ज्ञांनी आपले संशोधन बारकाईने अभ्यासले. बटणांच्या निवडीबद्दल विशेष अभिनंदन." चौकशीने ते पत्र बाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंना ठसका लागला.

पुढच्या सभेला चौकशी आईबरोबर गेली आणि तिच्याशेजारी पहिल्या रांगेत बसली. आईला वाटलं, पोरगी वळणावर आली. तिने मायेने मुलीचा हात दाबला. चौकशीला क्षणभर कसंनुसं झालं.

सर आज भलतेच खुशीत होते. भिंतीच्या मधोमध नवी चौकट झळकत होती.

"मंडळी! कालपर्यंत शंकेखोर विचारत होते, डोळ्यांवर थेट संशोधन कुठे आहे? घ्या! ताजं संशोधन! जागतिक कीर्तीचे नेत्रतज्ज्ञ, ज्यांच्या हाताखाली पंचवीस डॉक्टर काम करतात, ज्यांना मी स्वतः भेटलोय, असे थोर गृहस्थ, डॉक्टर मखमल!"

आईने मान वळवली. "कोण म्हणाले हे?"

"मखमल," चौकशी म्हणाली.

"शिवणयंत्राखालील दृष्टी संशोधन केंद्राचे संस्थापक!" सरांनी घोषणा केली.

आई हळूहळू उभी राहिली. "सर, जरा थांबा हं. हे गृहस्थ तुम्हाला भेटले?"

"अहो काकू, आम्ही एकत्र जेवलोय!"

"गृहस्थ कसले? आमच्या मखमलला आत्ताच चार पिल्लं झालीत!"

हॉलमध्ये कुजबुज पसरली. काकूंच्या मखमलला सगळी गल्ली ओळखत होती. निम्म्या घरांचं दूध तिने चोरलं होतं. सर हसले, पण हसताना त्यांच्या गळ्यातला चष्मा उगाच हलला. "काकू, जगात एका नावाच्या अनेक व्यक्ती असतात."

"असतील. तो निबंध जरा खाली काढा बघू. वाचते."

"फार तांत्रिक आहे हो. तुम्हाला नाही समजायचं."

"मला नाही समजलं तर मुलगी समजावेल. काढा."

सर काही हलेनात. शेवटी व्यायामशाळेच्या मालकानेच शिडी लावून चौकट उतरवली आणि काकूंच्या हातात दिली. आणि काकूंनी काय करावं? आयुष्यभर हातात आलेल्या प्रत्येक कपड्याचं केलं तेच केलं. चौकट उलटी केली. मागे नुसता पुठ्ठा होता.

"हे तर एकच पान आहे," आई म्हणाली. "बाकीचा कुठे आहे?" मग तिने वर भिंतीकडे पाहिलं. "सगळ्यांचं एकेकच पान? आतलं कुणी लावलंच नाही?"

चौकशीने पिशवीतून छापील निबंध काढून आईच्या हातात दिला. आईने चष्मा चढवला, थेट शेवटचं, तिसरं पान काढलं आणि वाचायला लागली. प्रत्येक ओळीची सुरुवात तिला सापडत नव्हती. मान डावीकडे वळवून, बोटाने चाचपत ती ओळ पकडत होती. सगळा हॉल ते बघत होता. चौकशीला राहवेना, पण तिने हात मांडीवरच घट्ट धरून ठेवले.

"निष्कर्ष," आईने वाचलं. "नादथाळी वाजवल्याने... बटणांच्या नजरेत काहीही फरक पडला नाही. माणसांना जो फरक वाटतो, तो... दिवे मोठे केल्यामुळे. या निबंधातले सगळे आकडे... लेखिकेने झोपेत काढलेले आहेत. लेखिका मांजर आहे. वाचकहो, तुम्ही इथपर्यंत वाचलंत, याबद्दल आभार. हा निबंध खोटा आहे. डोळ्यांचे थेंब बंद करू नका."

आधी पोस्टमनकाका हसले. मग काय, हॉलच कोसळला.

"कारस्थान!" सर ओरडले. "हे औषध कंपन्यांचं कारस्थान आहे! या मुलीला त्यांनी पाठवलंय!"

सवय वाईट असते मंडळी. अख्खा हॉल नेहमीच्या सुरात ओरडला, "संदर्भ?"

आणि सरांचा हात, तोही सवयीनेच, वर गेला. "भिंतीवर!"

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. मधोमध मखमलची मोकळी खुंटी होती. या खेपेला हसता हसता लोक खुर्च्यांवरून घसरायचेच बाकी राहिले.

पोस्टमनकाकांनी मात्र हट्टच धरला. दिवे लावून, थाळी न वाजवता तक्ता वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत गेले. मग दिवे मंद करून थाळी वाजवायला लावली. तिसऱ्या ओळीवर अडकले. "म्हणजे माझ्या डोळ्यांना थाळी नको, बल्ब हवाय," असा निकाल त्यांनी स्वतःच दिला. कुणीतरी म्हणालं, मुलगी शिकलेली आहे, तिला बोलू द्या. चौकशी उभी राहिली आणि भाषणाची सवय नसल्याने आईशी बोलावं तशीच बोलली.

"संदर्भ मागितलात हे चांगलंच केलंत. तुमची चूक तिथे झाली नाही. मागितला आणि उघडला नाही, तिथे झाली. खरा शोधनिबंध छापण्याआधी त्या विषयातली अनोळखी माणसं तो उसवून बघतात, लेखकाची भीड न ठेवता. लिहिणारा कोण आहे, छापणारा कोण आहे आणि आपण विश्वास ठेवला तर कुणाचा माल खपणार आहे, एवढं तरी विचारा. ज्याचा दाखला दिलाय तिथे खरंच तसं लिहिलंय का ते बघा. आणि एकाने म्हटलेलं दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासलं का, तेही बघा. स्वतःला जमत नसेल तर आमच्याकडे या, ग्रंथालय त्यासाठीच आहे. पण तोवर औषध थांबवू नका हो. माझ्या आईची डावीकडची नजर आता परत येणार नाही."

बऱ्याच जणांना आपापल्या घरातली, कुठल्यातरी डब्यामागे ढकललेली बाटली आठवली असावी, कारण हॉल फार लवकर रिकामा झाला. सरांनी थाळी कधी उचलून नेली ते कुणी पाहिलं नाही. तिचं रिकामं खोकं मात्र पुढे मखमलच्या पिल्लांना उपयोगी पडलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, आईला चांगलं झापलं आणि मग म्हणाल्या, "थोडी गेली. पुष्कळ उरलीय. सांभाळा." आई परत आली, रिळांच्या डब्यामागची जुनी बाटली टाकून तिने नवी आणलेली मशीनवर, उजव्या हाताशी ठेवली. चहाचा कपही आता उजवीकडेच असतो.

संध्याकाळी थेंब घालून ती डोळे मिटून बसली होती. "चिडलीस माझ्यावर?" तिने विचारलं.

"घाबरले होते, आई," चौकशी म्हणाली आणि तिच्या खांद्याला डोकं लावून थोडी रडली. आईने तिला थोपटलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझा तो प्रबंध आण बघू."

चौकशीने कौतुकाने आणला. वाटलं, पुन्हा कुरवाळेल. आईने तो उलटा केला, मागची यादी काढली, मान डावीकडे वळवली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"हे. हे तू पूर्ण वाचलंयस?"

"हो, मग!"

"आणि हे?"

"हो."

बोट खाली सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. "आणि हे?"

चौकशीने वाकून पाहिलं. घसा खाकरला. मखमलकडे बघितलं, तिच्याकडून काही मदत मिळेना.

"ते... दुसऱ्या एकांनी त्याचा दाखला दिला होता, म्हणून मी..."

"म्हणजे उघडलं नाहीस."

"उद्या वाचते ना, आई."

"थेंब मी उद्या घातले तर चालतील?" आई म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला लागली. चौकशीने निमूट कॉम्प्युटर सुरू केला.